टोकनाआधीची वेळ

सोम., ८ जाने.

थंडी. मफलर शोधत होतो. सौ. म्हणाली, "गळ्यात आहे." होता.

आठला दवाखान्यात. 'मदत कक्ष'चं टेबल पुसलं, दोन पेनं, कोरे फॉर्म. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू इथे काढला तेव्हापासून सोम-बुध-शुक्र हेच. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे फॉर्म भरायचे, कुठल्या खोलीत जायचं ते सांगायचं. उजव्या डोळ्याने नवं पुणं लख्ख दिसतं. डावा अजून धुक्यात. तो मी मुद्दाम राखून ठेवलाय असं सौ.चं म्हणणं.

दुपारी देवधर आले. ट्रस्टचे चिटणीस, जन्मभर इंजिनिअर. फाइल टेबलावर ठेवून म्हणाले, "मास्तर, तुमचं मराठी चांगलं आहे."

पुण्यात हे कुणी म्हटलं की काम येतं. आलं.

टोकनची संगणक प्रणाली बसवून वर्ष झालं. एका कंपनीने देणगीदाखल दिलेली. आता कंपनीला अहवाल हवाय, प्रणाली यशस्वी झाली का. आणि तो बाहेरच्या माणसाने लिहायचा.

म्हटलं, मी बाहेरचा कसा?

"तुम्हाला संगणकातलं काही कळत नाही. म्हणजे बाहेरचेच."

अहवाल चांगला गेला तर कंपनी लोणी काळभोरला अशीच प्रणाली देणार, म्हणजे तिथलं नवं केंद्र उभं राहणार. आणि केंद्र झालं की वंदना तिथली प्रमुख, कायम. टोकनच्या खिडकीवर बसते ती वंदना. सहा वर्षं कंत्राटावर, दर अकरा महिन्यांनी नवं पत्र. हे तिचं तिनेच चहाच्या वेळी सांगितलं. "सर, तुम्ही लिहिणार म्हणजे काळजीच नाही."

बरं वाटलं. निबंध तपासून जमाना झाला. आता एक लिहायचा.


बुध., १० जाने.

कंपनीचा छापील तक्ता वाचला. पाच रकाने. प्रणाली सुरळीत चालते का. माहिती अचूक असते का. लोक वापरतात का. वापरणारे समाधानी आहेत का. संस्थेला फायदा झाला का.

वंदनाने खिडकीमागे बसवून सगळं दाखवलं. माणूस आला की ती नाव-गाव टाकून कळ दाबते, नंबर आणि वेळ छापलेली चिठ्ठी बाहेर येते. डॉक्टर आत घेताना त्यांची कळ दाबतात. मधला वेळ म्हणजे थांबणं. त्याची सरासरी भिंतीवरच्या पडद्यावर दिसते, आणि म्हणे देवधरांच्या फोनवरही. अर्ध्या तासाच्या आत असेल तर आकडा हिरवा. वर गेला की लाल.

आज अकरा मिनिटं. हिरवा.

जुनी वही काढून पाहिली. पूर्वी दोन-दोन, अडीच तास. वहीतलं अक्षर मात्र सुंदर. निवृत्त झालेले कारकून जोशी. त्यांचा 'ळ' पाहत राहावा असा.

हॉल रिकामा, बाकं मोकळी. टोकन असेल त्यालाच आत, हा नियम. मला ती गर्दी आठवते. माझ्या डोळ्याच्या वेळी एक बाई मांडीवर कोबी घेऊन बसल्या होत्या. कुणाचा कोण, पण डबे उघडायचे.

असो. पहिले दोन रकाने भरले. "होय. होय."


शुक्र., १२ जाने.

तिसरा रकाना, वापर. सगळेच वापरतात. न वापरून जातील कुठे? टोकनशिवाय दार उघडत नाही. आमच्या शाळेत प्रार्थनेलाही हजेरी पूर्ण असायची. तरी लिहिलं, "होय."

चौथा, समाधान. त्यासाठी बाहेर पडायच्या दाराशी एका दांड्यावर यंत्र आहे. तीन चेहरे. हिरवा हसरा, पिवळा मख्ख, लाल रडका. जाताना एक दाबायचा. हिरव्याचं प्रमाण पाहून देवधर खूश असतात.

आज दोन तास यंत्राशेजारी खुर्ची टाकून बसलो. तपासणीआधी डोळ्यांत थेंब घालतात, बाहुली मोठी होते, मग तीनचार तास जवळचं काही दिसत नाही. म्हणजे बाहेर येणाऱ्या दहातल्या नवांना ते चेहरे दिसतच नाहीत. कठड्याला धरून येतात, हात जिथे संपतो तिथे दाबतात. कठड्याच्या टोकाला हिरवा आहे.

एका आजींना विचारलं, हे कशासाठी दाबलंत?

"दार उघडायला."

शेजारचे गृहस्थ म्हणाले, "मी बेल समजलो. कुणी आलं नाही म्हणून परत दाबलं. तिसऱ्यांदा तुम्ही आलात."

त्यांची तीन समाधानं जमा.

घरी सांगितलं. सौ. पोळी उलटत म्हणाली, "चला, यंत्र बसवणाऱ्यालाही थेंब घातले असणार."


सोम., १५ जाने. संक्रांत

आज सगळं लिहायला हवं, नाहीतर उद्या मीच ते गोड करून टाकीन.

लवकर जाग आली. सौ.ने पिशवीत तिळाच्या वड्या दिल्या, कर्मचाऱ्यांसाठी. सव्वासातलाच पोचलो. दवाखान्याची बाहेरची भिंत, तिच्या कडेने चपलांची ओळ. स्लिपरा, वहाणा, एका ठिकाणी नुसती पिशवी, तिच्यावर दगड. समोरच्या बंद दुकानाच्या पायऱ्यांवर, कोवळ्या उन्हात माणसं. अनवाणी.

ही माणसं मी रोज पाहतो. वर्षभर पाहतोय. पेशंटबरोबर आलेले नातेवाईक असावेत असं धरून चाललो होतो. नमस्कारसुद्धा करायचो.

एका बाईंनी पदराच्या गाठीतला तिळगूळ काढून माझ्या हातावर ठेवला. हौसाबाई. लोणीच्या पुढून वस्तीवरून आलेल्या. विचारलं, तुमचं कोण आहे आत?

"आत कोन न्हाय, दादा. मीच पेशंट हाय."

"मग बाहेर का?"

"लंबर लावलाय न्हवं." चपलांकडे बोट. "ती निळी माजी. पंचविसावी."

"आत बाकं आहेत की."

"ती टोकनवाल्यांची."

"मग टोकन घ्या."

माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी वर्गातल्या मंद पोराकडे पाहायचो. "ते घ्यायचं नसतंय, दादा. ते मिळतंय."

आत जाऊन टेबलावर बसलो. वंदना खिडकीत. डॉक्टरांपुढची खुर्ची रिकामी व्हायला आली की ती शिपायाला खूण करते, तो दारातून पुढच्या दोघांना घेतो. ते चपला घालतात, आत येतात, मग ती कळ दाबते. थोड्याच वेळात डॉक्टरांची कळ.

हौसाबाईंना टोकन मिळालं दहा चाळीसला. डॉक्टरांनी घेतलं दहा एक्कावन्नला.

अकरा मिनिटं. आकड्यात खोटं काही नाही.

वड्या वाटायच्या राहिल्या.


बुध., १७ जाने.

कंपनीच्या तक्त्याच्या पाठीमागे मी चार रेघा आखल्या. घरातून किती वाजता निघालात. इथे कधी पोचलात. टोकन कधी. डॉक्टर कधी.

हे कुणाला न विचारता केलं. पायऱ्यांवर त्यांच्यात जाऊन बसलो. ऊन छान होतं, खरं सांगायचं तर.

उत्तरं घड्याळातली नसतात. "कोंबड्याच्या वक्ताला." "पहिल्या बसला." "सून उठायच्या आधी." येरवड्याचे एक रिक्षावाले होते, ते म्हणाले, "मास्तर, निघालो साडेसातला. पण नंबर लावायला काल संध्याकाळी चप्पल ठेवून गेलो होतो. ती कधी निघाली म्हणून लिहू?"

ते तसंच लिहिलं.

आणखी एक कळलं. रोज काहीजण ऊन चढलं की चपला उचलून परत जातात. टोकन नाही, म्हणून ते आलेच नव्हते असं होतं. कुठल्याच रकान्यात नाहीत.

संध्याकाळी ओटीवर बसून हे उतरवतोय. मनात वृत्तं चालू आहेत. मुलांना मी चाळीस वर्षं लघु-गुरू मोजायला शिकवलं. फळ्यावर चंद्रकोर आणि रेघ, चंद्रकोर आणि रेघ. मात्रा बरोबर, यती बरोबर, यमक बरोबर, आणि तरी कविता नाही, अशी कविता मी स्वतः दर स्नेहसंमेलनाला लिहीत असे. मुख्याध्यापक दाद देत. कुणी म्हणायचं नाही की, अहो, यात काही नाही. कारण मोजायला गेलं तर सगळं होतं.

मोजू नये असं मात्र नाही. मोजल्याशिवाय ठेकाच कळत नाही. कुठून मोजायला लागायचं, एवढंच


(सौ.ने दिवे लावायला हाक मारली. वाक्य राहिलं. राहू दे.)


शुक्र., १९ जाने.

वंदनाला कळलं. कळणारच, शिपायाने पाहिलं होतं.

अकराच्या चहाला कप घेऊन माझ्या टेबलापाशी आली. बसली नाही.

"सर, तुम्ही बाहेर लिहून घेताय म्हणे."

"हो."

"मला विचारायचं ना. मी सांगितलं असतं."

मग सांगितलं. पहिले पंधरा दिवस ती येईल त्याला लगेच टोकन देत होती. सकाळी साठ माणसं, डॉक्टर दोन. आकडा दोन तासांवर, पडदा लाल. कंपनीतून फोन. देवधरांचा फोन. एकदा देवधर स्वतः येऊन सगळ्यांदेखत म्हणाले, "मशीन तेच, डॉक्टर तेच. मग उशीर कुणामुळे होतो?"

"मी काय सांगणार, सर? डॉक्टर वाढवा म्हणू? मी कंत्राटावरची."

मग एक दिवस गर्दीत कळ दाबायची राहून गेली, आणि आकडा खाली आला. फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी तिने मुद्दाम उशिरा दाबली. देवधर म्हणाले, "बघा, मनावर घेतलं की होतं."

मग टोकनशिवाय आत नाही हा नियम आला, कारण हॉलचा फोटो कंपनीच्या पुस्तिकेत छापायचा होता. आणि माणसं बाहेर गेली.

"मी कुणाला बाहेर काढलं नाही, सर. एक एक करून तसं झालं."

कप तसाच. चहावर साय धरली.

"माझं नाव लिहिणार?"

म्हटलं, नाव कशाला लिहीन.

"खिडकीत मी एकटीच आहे," म्हणाली आणि गेली.


शनि., २० जाने.

दोन मसुदे केले. पहिल्यात पाच रकाने, पाच "होय", दोन सुरेख परिच्छेद. दुसऱ्यात तेच, शिवाय मागे माझा चार रेघांचा तक्ता, आणि एक वाक्य: प्रणाली थांबण्याचा वेळ टोकनापासून मोजते, माणूस घरापासून मोजतो.

दोन्ही सौ.ला वाचून दाखवले. ती वाटाणे सोलत होती.

"पहिला चांगला झालाय," म्हणाली.

"आणि दुसरा?"

"दुसरा खरा झालाय. तुम्ही मला कशासाठी विचारताय? शुद्धलेखनासाठी की परवानगीसाठी?"

"वंदनाचं काय होईल?"

"आणि पहिला दिलात तर त्या पायरीवरच्यांचं काय होईल?"

"त्यांचं आहे तेच होईल."

"तेच म्हणतेय मी."

थोड्या वेळाने स्वतःच म्हणाली, "अहो, पण त्या मुलीला आधी सांगा. छापून आलेलं वाचायला लावू नका."

इथे एक लिहून ठेवतो, कुणाला सांगितलेलं नाही. शाळेत इन्स्पेक्शन असे. साहेब येणार त्या दिवशी मी मागचे दोन बाक बागेत पाठवायचो, झाडांची आळी करायला. वर्गात पुढचेच राहत. कविता काय म्हणत! एका सुरात, घोगऱ्या आवाजाचं कुणी नाही, मधेच अडखळणारं कुणी नाही. साहेब शेरा लिहीत, "पद्यवाचन उत्तम." तो शेरा मी घरी आणून सौ.ला दाखवला होता. बागही छान झाली होती त्या वर्षी.

देवधरांवर मी मनातून चिडलो होतो. आता ते जरा जड जातंय.


सोम., २२ जाने.

वंदनाला सांगितलं. दुसरा मसुदा तिच्यासमोर ठेवला, म्हटलं, वाच, आणि काही चुकलं असेल तर सांग.

उभ्याने वाचला. चुका दोन काढल्या. लोणीची पहिली बस मी सहाची लिहिली होती. "पाच पन्नासची आहे, सर. मी तीच धरते."

मला सुचलंच नव्हतं हे. ती लोणीची. रोज त्याच बसने येते, त्याच माणसांबरोबर.

"मागच्या सीटवरून विचारतात. ताई, आज लवकर होईल ना? मी म्हणते, होईल. इथे उतरतो सगळे. मी आत येते, ते चपला काढतात."

"काही म्हणत नाहीत तुला?"

"नाही ना. म्हणाले असते तर बरं झालं असतं. जागा धरतात माझ्यासाठी बसमध्ये."

मग म्हणाली, "पण सर, केंद्र लोणीला झालं तर ह्यांना ही बस धरायलाच नको. तुमचा कागद गेला तर केंद्र जाईल. मग तुम्ही कुणाचं भलं केलं?"

मी बसची वेळ दुरुस्त केली.

"आणि झालं केंद्र," तीच पुढे बोलली, "तरी तिथं हीच सिस्टीम. हाच पडदा. तिथं समदी माझ्याच गावची हायेत. माझी चुलती, शेजारीण. त्यांना दाराबाहेर बसवायचं मी?"

खिडकीत तिचं मराठी दवाखान्याचं असतं. आज पहिल्यांदा घरचं ऐकलं.

दुसरी चूक: 'हौसाबाई' लिहून वय बासष्ट टाकलं होतं. सत्तर आहे म्हणाली. "तुम्हाला लाजून कमी सांगितलं असेल."


बुध., २४ जाने.

अहवाल दिला. देवधरांनी खोलीतच वाचला. चष्मा वर, चष्मा खाली. मागचं पान आलं तेव्हा चष्मा काढून ठेवला.

"हे मागितलं नव्हतं, मास्तर."

"जागा मोकळी होती."

"कागदाची मागची बाजू मोकळीच असते."

खिडकीतून पायऱ्या दिसत होत्या. आम्ही दोघांनी तिकडे पाहिलं नाही.

मग हळू आवाजात बोलले, मला वाटलं होतं त्याहून बरं. "मला माहीत नाही असं समजता? मला अंदाज होता. पण लोणीला केंद्र व्हावं म्हणून मी चार वर्षं दारोदार फिरतोय. कंपनीला आकडा हवा, मी आकडा दिला. केंद्र झालं की हीच माणसं अंथरुणातून दोन तास उशिरा उठतील. ते तुमच्या चार रेघांत कुठे बसतं?"

"नाही बसत."

"मग?"

"तेही लिहा. पण हे काढून नको. काढायचं असेल तर माझी सही नको."

"वाक्य छान आहे," म्हणाले. "टोकनापासून, घरापासून. कवितेचं आहे." त्यांनी ते टोमण्याने म्हटलं की मनापासून, कळलं नाही. बहुधा त्यांनाही.

सोमवारी कंपनीच्या बाई पाहणीला येणार. गुरुवारी एक तारखेला विश्वस्तांची बैठक, त्यात ठरेल. तोवर अहवाल त्यांच्या खणात.

वंदनाचे अकरा महिने फेब्रुवारीअखेर संपतात. हे जाता जाता सांगितलं. धमकी नव्हती. माहिती होती. अचूक.


शुक्र., २६ जाने.

सुट्टी. शेजारच्या शाळेत झेंडावंदन, भोंग्यावर समूहगीत. दुसरं कडवं नेहमीप्रमाणे कुणालाच येत नव्हतं, तिसऱ्याला सगळे परत सामील.

दिवसभर चैन नाही. जुन्या पाठ्यपुस्तकांची पेटी उघडली. नदीवरची एक कविता होती, चौथीला, तिच्या शेजारी नावेचं चित्र. ओळी सगळ्या पाठ, पण आज अर्ध्यावर थांबलो. मन खिडकीत.

सोमवारी मी जाऊ नये का? सौ.ला विचारलं.

"तुमच्या टेबलावर कोण बसेल?"

"कुणी नाही."

"मग फॉर्म कोण भरेल?"

जाणार.


सोम., २९ जाने.

सात पन्नासला पोचलो. भिंतीशी चपला नव्हत्या.

वाटलं, आज दवाखाना बंद. दार ढकललं. हॉल भरलेला. बाकं भरून माणसं, भिंतीला टेकून माणसं, पिशव्या, काठ्या, एकाच्या डब्यातून लसणाच्या चटणीचा वास. प्रत्येकाच्या हातात टोकन. कुणी मुठीत, कुणी टोपीत, एका बाईंनी बांगडीत अडकवलेलं. खिडकीत वंदना मान खाली घालून कळा दाबत होती.

तिच्याकडे गेलो. वर न पाहता म्हणाली, "बस पोचली सात बाराला. मी सात चौदाला सुरू केलं."

"तू..."

"तुम्ही कागदावर लिहिलंत, सर. ते वाचून लोक म्हणतील, खिडकीतली बाई अशी करत होती. त्यापेक्षा मीच दाबते. शिपायाला म्हटलं, दार उघडं ठेवा, विचारलं तर माझं नाव सांगा." मग पुढच्या माणसाला, "नाव? ... गाव?"

नऊला पडद्यावरचा आकडा हिरव्याचा लाल झाला. दहाला एक तास चाळीस. कुणी पडद्याकडे पाहतसुद्धा नव्हतं. त्यांना तो माहीतच नाही, तो त्यांच्यासाठी नसतोच. गप्पा चालू होत्या. दोघांचं कांद्याच्या रोपावरून चाललं होतं. कुणीतरी कुणाला तरी म्हणालं, "सरका वाईच, बाई, टोकन हाय मला बी."

साडेदहाला देवधर, मागे कंपनीच्या बाई. तरुण, नीटस, हातात पुस्तिका, पुस्तिकेत रिकाम्या हॉलचा फोटो. दारातच थांबल्या. पुस्तिकेकडे पाहिलं, हॉलकडे पाहिलं.

"आज काही बिघाड आहे का?"

देवधरांनी खिडकीकडे पाहिलं. वंदना उभी राहिली. आवाज मागच्या बाकापर्यंत पोचला. "बिघाड नाही, मॅडम. रोज एवढेच असतात. आज आत हायेत."

हॉलमध्ये कुणाला कळलं, कुणाला नाही.

बाईंनी फोन काढून लाल पडद्याचा फोटो घेतला. मग थोडं मागे सरून हॉलचा. काय विचार केला ते चेहऱ्यावर दिसलं नाही. त्यांना थेंब घातलेले नव्हते, दिसत सगळं होतं. डॉक्टर किती आहेत, एवढंच विचारलं. "दोन," देवधर म्हणाले. "आणि असे रोज किती जण?" देवधरांना सांगता येईना. वंदनाने सांगितलं. बाईंनी लिहून घेतलं.

त्या आतल्या खोलीत गेल्यावर देवधर माझ्या टेबलाशी आले.

"तुम्ही सांगितलंत हिला असं करायला?"

"नाही."

"मग कुणी?"

"तिलाच विचारा."

कडेच्या बाकावरच्या एका आजोबांनी त्यांना उभं पाहून काठी उचलून जागा केली. "बसा, साहेब. लई वेळ लागतोय. पर सावली हाय." देवधर बसले. बरीच मिनिटं बसले. मी घड्याळ पाहिलं नाही.

दुपारी दीडला शेवटचा पेशंट आत गेला. आज कंटाळून कुणी परत गेलं नाही, म्हणून टोकनं रोजच्याहून जास्त गेली, आणि छापायच्या कागदाचा रोल संपत आला. नवा मागवायला देवधरांची सही लागते. वंदनाने मागणीची चिठ्ठी लिहिली. एरवी एक रोल लिहिते. आज दोन लिहिले. मला दाखवलं. "बरोबर लिहिलंय ना, सर?"

म्हटलं, बरोबर.

तीच नेऊन ठेवून आली. मी निघालो तेव्हा देवधर बाईंना गाडीपर्यंत सोडायला गेले होते. खोलीचं दार उघडं होतं. चिठ्ठी टेबलावर, त्यांच्या चष्म्याच्या घराखाली. सही झालेली नव्हती.

बुधवारी जाईन. आठला नाही, सातला.